हलका म्हणजे नक्की कुणाला हलका?

गेल्या आठवड्यात नाशिकला मामीकडे गेले होते. चहाचे कप आत ठेवायला गेले तर स्वयंपाकघराच्या दारामागे 'तो' उभा. तो म्हणजे माझ्या सांगण्यावरून मामीने घेतलेला उभा, बिनवायरचा, "वजनाला अगदी हलका" व्हॅक्यूम क्लीनर. धूळ बसू नये म्हणून त्याच्या डोक्यावर उशीचा जुना अभ्रा घातलेला. (धूळ काढायच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून अभ्रा! असो.)

"काय गं मामी, वापरत नाहीस?"

"वापरते की, अधूनमधून."

बाहेरून मामांचा आवाज आला, "कसली वापरतेय! दोन दिवस वापरला आणि खांदा भरून आला तिचा. आठ महिने झाले, तिथेच उभा आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

मामी म्हणाली, "तू एवढ्या हौसेनं सांगितलं होतंस, तुला वाईट वाटलं असतं."

खरंच वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. मामीचा उजवा खांदा आखडलेला आहे हे मला ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच तर मी तिला तो घ्यायला सांगितला होता! तेव्हा मंडळी, आजचं हे लिखाण म्हणजे थोडं प्रायश्चित्त आणि बरंचसं भांडण आहे. भांडण कुठल्या कंपनीशी नाही. भांडण आहे ते आपण सगळे घरातल्या वस्तूंबद्दल जी मतं वाटत सुटतो त्यांच्याशी. पहिला नंबर अर्थातच माझ्या स्वतःच्या मताचा.

माझं मत काय होतं? यंत्र घरी येऊन चारच दिवस झाले होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी चांगलं लांबलचक लिहिलं. एका हातात उचलता येतो. वायरचा गुंता नाही. दहा मिनिटांत हॉल स्वच्छ. कपाटाच्या कडेला उभा राहतो, जागा खात नाही. पाचपैकी पाच तारे! यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी ते मत निव्वळ कुचकामी होतं. का ते सांगते.

पहिली गोष्ट, 'हलका' हा शब्द. खोक्यावर लिहिलं होतं अडीच किलो. दुकानात उचलून पाहिला आणि खूष झाले. पण केर काढताना आपण यंत्र उचलून उभे राहत नाही, ते मागेपुढे ढकलत असतो. एकदा गंमत म्हणून मोजलं, तर आमच्या एका हॉलमध्येच हात दीडशेच्या वर वेळा मागेपुढे झाला. आता गंमत अशी की, उभ्या यंत्रांच्या दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीच्या उभ्या यंत्रात मोटर आणि धुळीची पिशवी खाली, फरशीजवळ असते. ते यंत्र भले चार-पाच किलोंचं असेल, पण त्याचा बहुतेक भार फरशी सोसते, हातात फक्त दांडा येतो. आजकाल जी काठीसारखी सडपातळ यंत्रं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांत मोटर, बॅटरी आणि धुळीचं भांडं हे सगळं वर, मुठीजवळ असतं. जाळी-जळमटं काढायला ते सोयीचं, कारण टोक हलकं राहतं. पण फरशीवर चालवताना तो सगळा भार मनगट आणि खांदा पेलतात. शिवाय काहींत बटण बोटाने सतत दाबून धरावं लागतं. म्हणजे काट्यावर हलकं ते हातावर जड, आणि काट्यावर जड ते हातावर हलकं, असंही होऊ शकतं. हे पाच तारे देताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझा खांदा धडधाकट आहे ना!

दुसरी गोष्ट, वेळ. चार दिवसांत कसलं मत बनतं? चार दिवसांत फक्त हौस कळते. मला पुढे कळत गेलेल्या गोष्टी अशा. सगळ्यात जोराच्या वेगावर ठेवला तर बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, आणि मोठ्या जाहिरातीत जी चाळीस मिनिटं असतात ती सगळ्यात मंद वेगाची असतात. माझे आणि लेकीचे लांब केस ब्रशच्या रुळाला गुंडाळले जातात आणि दर आठवड्याला कात्री घेऊन बसावं लागतं. गाळणी धुतली की पूर्ण वाळायला एक दिवस जातो आणि पावसाळ्यात दोन. धुळीचं भांडं जेमतेम अर्ध्या लिटरचं, ते रोज रिकामं करताना निम्मी धूळ परत नाकात. आणि ही बॅटरी लिथियम-आयनची, म्हणजे आपल्या मोबाइलसारखीच. वर्ष-दोन वर्षांत तिचा दम कमी होणारच. यातली कुठलीही गोष्ट चौथ्या दिवशी दिसत नाही. पण मत मात्र चौथ्या दिवशीच लिहायची आपल्याला घाई.

आणि आपली घरं! फिरत्या कडक ब्रशची कल्पना मुळात गालिच्यांसाठी. गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली माती झटकून वर काढायची हे त्या ब्रशचं काम. आपल्याकडे गुळगुळीत टाइल्स. त्यावर सांडलेले तांदळाचे दाणे तो ब्रश आत ओढण्याआधी मागच्या मागे उडवतो. मऊ रुळाचं तोंड मिळालं तर ठीक, नाहीतर हातात यंत्र आणि दाणे सोफ्याखाली.

पण खरं भांडण पुढेच आहे.

आमच्याकडे केर-फरशीला मावशी येतात. यंत्र चालवायचं ते मुख्यतः त्यांनी. ग्रुपवर मी लिहिलं तेव्हा मावशींना काय वाटतं हे मी विचारलं का? नाही. "आता मावशी आल्या नाहीत तरी अडणार नाही" असंही वर लिहिलं होतं, हे आठवून आज मान खाली जाते. नाशिकहून परत आल्यावर पहिल्यांदा विचारलं. मावशी कमरेवर हात ठेवून थोडा वेळ यंत्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, वरनं जड आहे हे. पण धूळ उडत नाही, ते बरं. झाडूनं सकाळी सकाळी खोकला येतो." मग म्हणाल्या, "पण तुमच्या एका घरी हे, बाकी चार घरी झाडूच. माझं काय!"

दोन-चार वाक्यांत त्या बाईने माझ्या सगळ्या परीक्षणाचं परीक्षण करून टाकलं. फायदा सांगितला, तोटा सांगितला, आणि फायदा नक्की कुणाच्या वाट्याला किती तेही सांगितलं. दीड वर्ष ते यंत्र त्यांच्या हातात आहे, आणि मत मात्र माझं फिरत होतं. कारण पैसे मी दिले. मालकाचं मत म्हणजे बहुतेक वेळा ज्याने पैसे दिले त्याचं मत, आणि ज्याने पैसे दिले त्याला आपण फसलो असं कबूल करायचं नसतं.

यात एक इतिहासाचा चिमटाही आहे. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथने हवा ओढून घेणारं यंत्र केलं, ते एवढं अवाढव्य की घोडागाडीवरून आणायचे, रस्त्यावर उभं करायचे आणि खिडकीतून नळ्या घरात सोडायचे. हातात धरून चालवायचं उभं विजेचं यंत्र पुढे ज्याने केलं तो कोण? अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी एका मोठ्या दुकानात झाडलोट करणारा जेम्स मरे स्पँगलर. त्याला दम्याचा त्रास. झाडताना उडणाऱ्या धुळीने हैराण होऊन त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा असं काय काय जोडून स्वतःपुरतं यंत्र बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी हूवर नावाच्या व्यापाऱ्याने त्याचे हक्क घेतले. पुढे नाव झालं ते विकत घेणाऱ्याचं. म्हणजे बघा, ही वस्तू झाडणाऱ्याने स्वतःच्या छातीसाठी बनवली. शंभरावर वर्षं झाली, आणि आज तिच्याबद्दल झाडणारा सोडून बाकी सगळे बोलतात!

"म्हणूनच म्हणतो, आपली केरसुणीच बरी," असं लिहायला काही मंडळी आता सरसावतील. थांबा. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लावून आपण नमस्कार करतो, आणि दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीला जोडून देतो. केरसुणीचं प्रेम मला तिच्याकडून ऐकायचं आहे जी रोज पाच घरं वाकून झाडते. पोफळी-शिंदीच्या आठवणी काढणाऱ्यांकडून नको. यंत्राने धूळ कमी उडते, वाकावं लागत नाही, दम्याच्या माणसाला चांगल्या गाळणीचा खरोखर उपयोग होतो. मी यंत्राविरुद्ध नाहीच. ते न चालवता त्याच्याबद्दल बोलण्याविरुद्ध आहे.

रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंचं १९८३ चं पुस्तक आहे, 'मोअर वर्क फॉर मदर'. त्यात त्या दाखवतात की घरातल्या यंत्रांनी कष्ट कमी केले, पण घरातल्या बाईचा वेळ काही वाचला नाही. आधी जी कामं घरातले पुरुष, मुलं, गडी-मोलकरणी वाटून घ्यायचे ती यंत्र आल्यावर तिच्या एकटीच्या गळ्यात पडली, आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढली ती वेगळीच. मामीकडे नेमकं हेच झालं. यंत्र आल्यावर मामा म्हणाले, "आता केराची बाई कशाला?" बाई बंद झाली. यंत्र दारामागे गेलं. आणि आठ महिने मामी आखडलेल्या खांद्याने केरसुणी मारतेय. हे माझ्या पाच ताऱ्यांचं फळ.

तेव्हा माझ्यापुरते मी नियम केलेत. यंत्राबद्दल मत द्यायचं तर एक दिवाळी आणि एक पावसाळा त्याच्याबरोबर काढल्यावरच. मत देताना आधी सांगायचं की चालवतं कोण, त्याचं वय काय, हात-पाठ कशी. ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला दुकानात नेऊन, त्याच्याच हाताने पाच मिनिटं मागेपुढे करून बघायचं. आणि चालवणारा मालक नसेल, तर मालकाने गप्प बसून त्याला बोलू द्यायचं.

ग्रुपवरचं ते जुनं लिखाण मी काढलेलं नाही. खाली लिहून ठेवलंय: "वरचं मत चार दिवसांचं होतं. त्यावर विसंबू नका."

मामी, तू हे वाचशीलच. येत्या रविवारी येतेय. ते यंत्र मी घेऊन जाते, मावशींच्या घरी देते, त्या हो म्हणाल्यात. आणि मामा, तुम्हीही वाचत असालच. केराच्या बाईंना सोमवारपासून परत बोलवा. नाहीतर केरसुणी तुमच्या हातात. खांदा तुमचा ठणठणीत आहे, मला माहितेय!