झाडू कोणाच्या हातात?

पालकसभेत एक वाक्य हमखास येतं. "सर, तुम्ही सांगा जरा त्याले. घरी कोणाचंच ऐकत नाही, तुमचं ऐकते." कधी आई बोलते, कधी बाप, शब्द थोडे इकडेतिकडे, पण मागणी तीच. कोणीतरी सांगावं आणि पोरगं सुधरावं. मग आम्हीही सांगतो. परिपाठात सांगतो, फळ्यावर सुविचार लिहून सांगतो, १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची भाषणं बसवून सांगतो. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे आपल्याकडे ती भाषणं अंमळ जास्तच जोरात होतात. टाळ्या पडतात, बक्षीस मिळतं, आणि भाषण करणारा मुलगा खाली उतरून पेढ्याचा कागद तिथेच टाकतो.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला भाषण शिकवलं होतं, कागद कुठं टाकायचा ते त्यानं कोणाला करताना पाहिलं नव्हतं.

आजूबाजूच्या माणसांवर चांगला परिणाम कसा होतो, हा प्रश्न आपण शिक्षक आणि पालक फार घाईनं सोडवतो. चांगलं बोलावं, प्रेरणा द्यावी, थोरांची उदाहरणं सांगावी, झालं. पण बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला उदाहरण शोधायला पुस्तकात जायची गरज नाही. शेगावला जाऊन यावं. दर्शनाला सगळेच जातो. मी म्हणतो एकदा दर्शन झाल्यावर तासभर बाजूला बसून नुसतं तिथल्या माणसांकडे बघावं.

काय दिसतं? पांढऱ्या कपड्यातला माणूस वाकून फरशी पुसतोय. दुसरा चप्पल-स्टँडवर लोकांच्या चपला हातात घेऊन ठेवतोय. तिसरा महाप्रसादाच्या रांगेत ताटं गोळा करतोय. कोणी कोणावर ओरडत नाही. गर्दीत रांग मोडणाऱ्यालाही 'माऊली' म्हणूनच बाजूला घेतात. संस्थानात पगारी माणसंही आहेत, पण हे हजारो सेवेकरी पगारी नाहीत. आपापल्या गावाहून ते ठरलेल्या दिवसांसाठी येतात, सेवा करतात आणि परत आपल्या शेताकडं, दुकानाकडं, नोकरीवर जातात. गंमत अशी की या फुकट कामासाठी नंबर लावावा लागतो, वाट बघावी लागते. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या स्वच्छता मोहिमेला फोटोपुरती दहा माणसं जमवताना सरपंचाची दमछाक होते, आणि इथं झाडू मिळावा म्हणून माणसं वर्षभर थांबतात!

'ही भक्ती आहे' असं म्हणून विषय संपवता येतो. भक्ती आहेच. परंपरा अशी सांगते की २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांना दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. ज्या गावाची सुरुवातीची आठवणच अन्न वाया न घालवण्याची आहे, तिथल्या महाप्रसादाला शिस्त येणारच. पण भक्ती महाराष्ट्रात सगळीकडे आहे, आणि सगळ्याच देवस्थानांच्या पायऱ्या काही अशा स्वच्छ नाहीत. म्हणजे भक्तीच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं.

ते 'काहीतरी' म्हणजे माझ्या मते शिवशंकरभाऊ पाटील. भाऊ ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. तरुणपणी सेवेकरी म्हणून सुरुवात केली, पुढे अनेक वर्षं संस्थानचा कारभार पाहिला. शेगावात कोणालाही विचारा, तो सांगेल की भाऊ संस्थानचा चहासुद्धा घेत नसत, घरून जेवून यायचे. लोकांनी त्यांना 'मॅनेजमेंट गुरू' अशी पदवी देऊन टाकली. मला ती पदवी फारशी पटत नाही. व्यवस्थापन म्हटलं की तक्ते, अहवाल आणि बैठका डोळ्यासमोर येतात. भाऊंनी केलं ते त्याहून साधं आणि अवघड. पैशाच्या ढिगाशेजारी बसून एक माणूस आयुष्यभर चहाला हात लावत नाही, हे त्याच्या आजूबाजूचा प्रत्येक जण रोज बघतो. मग हिशेब लिहिणारा कारकून, स्वयंपाकघरातला आचारी, दाराशी उभा असलेला सेवेकरी, यांना वेगळं काय सांगायचं? खाली गैर काही करायचं तर आधी त्या चहाच्या कपाकडं डोळेझाक करावी लागते.

आता खरा प्रश्न. शेगावात चप्पल सरळ ठेवणारा, ताटात एक शीत न टाकणारा हाच माणूस तासाभरानं एस. टी. स्टँडवर उतरतो आणि कुरकुऱ्याचं पाकीट खिडकीतून बाहेर फेकतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे शेगावचा परिणाम दारापुरताच का?

काही लोक यावरून म्हणतात, सगळं ढोंग आहे. मला तसं वाटत नाही. तो माणूस दोन्हीकडे खराच आहे. शेगावात त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला जे चाललंय तसा तो वागतो, आणि स्टँडवरही डाव्या-उजव्या बाजूला जे चाललंय तसाच वागतो. शेगावात कागद पडला तर मिनिटभरात कोणीतरी वाकून उचलतं, तेही काही न बोलता. टाकणाऱ्यालाच लाज वाटते. स्टँडवर कोणीच वाकत नाही. माणूस एकटा चांगला किंवा वाईट फार थोडा असतो, बराचसा तो शेजाऱ्यांनी बनलेला असतो.

आपल्या विदर्भातल्याच गाडगेबाबांना हे पक्कं कळलं होतं. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. क्रम लक्षात घ्या. आधी रस्ता झाडून झालेला असायचा, मग शब्द. म्हातारा माणूस आपल्या दारासमोरची घाण काढतोय म्हटल्यावर दारात उभं राहून नुसतं बघणं किती वेळ जमेल? आपण मात्र २० डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीला फोटोला हार घालतो, भाषण करतो, आणि मैदान झाडायला पाचवीच्या पोरांना पाठवतो.

इथेच माझं मुख्य म्हणणं आहे, आणि काही शिक्षक मित्रांना ते टोचेल. आपल्या शाळांमध्ये झाडू ही शिक्षा आहे. गृहपाठ नाही केला? चल, वर्ग झाड. उशिरा आलास? मैदानातले कागद वेच. वर्षानुवर्षं हे चाललंय आणि त्यातून मुलं एकच धडा घेतात: झाडणं हे चुकलेल्या माणसाचं काम आहे. शिक्षा नसेल तेव्हा झाडू जातो मुलींकडे. "पोरींनो, जरा वर्ग स्वच्छ करा गं," असं आपण किती सहज म्हणतो. त्या वेळी मुलगे बाहेर क्रिकेट खेळत असतात. स्त्री-पुरुष समानतेचा पाठ शिकवून झाल्यावर पाच मिनिटांनी हे घडतं. त्या दिवशी मुलांनी पाठातून काय घेतलं असेल आणि त्या पाच मिनिटांतून काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरीकडे पालकांचा आक्षेप. "लेकराले शाळेत शिकाले धाडतो आम्ही, झाडाले नाही." हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय आणि दर वेळी ते सारखं नसतं, हे शिक्षकांनी समजून घ्यायला हवं. चांगल्या खात्यापित्या घरचा बाप म्हणतो तेव्हा त्यात थोडी ऐट असते. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची अंगणं झाडली, तीही मनाविरुद्ध, जात म्हणून, त्या घरची आई हेच म्हणते तेव्हा ती अगदी बरोबर बोलत असते. तिनं लेकराच्या हातातला झाडू काढून पुस्तक दिलंय. आणि शाळेतला झाडू फिरून फिरून तिच्याच लेकराच्या हातात येत असेल, तर त्याला श्रमसंस्कार म्हणू नये. तिला उत्तर देण्याआधी आपली पाळीची वही तपासावी.

शेगावात हा आक्षेप का येत नाही? कारण तिथं झाडू कोणाच्या वाट्याला येईल हे आडनावावरून ठरत नाही. डॉक्टर, व्यापारी, शेतमजूर, निवृत्त तहसीलदार, कोणीही फरशी पुसत असेल, आणि कपड्यावरून ओळखता येणार नाही कोण कोण आहे ते. पांढऱ्या कपड्यांचा हा उपयोग माझ्या उशिरा लक्षात आला. काम हलकं न राहण्याचा एवढाच एक मार्ग आहे की ते सगळ्यांकडं जावं, आणि आधी वरच्यांकडं जावं. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा मुतारीत पाणी टाकलं तर शाळेत त्या कामाची किंमत बदलते. शिपाई नसलेल्या आपल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षक हे रोज करतातच, पण मुलं यायच्या आधी, गुपचूप, जणू काही लाजिरवाणं करतोय असं. माझी विनंती एवढीच की ते मुलांसमोर करावं.

'शाळेत देव नाही, महाराज नाहीत, मग मुलं कशासाठी करतील?' हा प्रश्न एका सहकारी मॅडमनी मला विचारला. प्रश्न बिनतोड आहे. शाळेनं श्रद्धा मागू नये, ते आपलं काम नाही. पण श्रद्धेशिवायही हे जमतं याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावानं राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. ऐन उन्हाळ्यातलं श्रमदान, हातात कुदळ-फावडं, आणि समोर मूर्ती नाही, फक्त आटलेल्या विहिरी. ज्यांनी अशी श्रमदानं जवळून पाहिली त्यांना माहीत आहे, पहिले चार दिवस मोजकीच माणसं खणतात आणि बाकीचं गाव पारावर बसून हसतं. त्या मोजक्यांनी पाचव्या दिवशीही जाणं, यावर सगळं अवलंबून असतं. हसणाऱ्यांना पटवून द्यायला कोणी पारावर जात नाही. माती निघत राहते, तेवढंच.

पालकांसाठी एक वेगळं उदाहरण सांगतो, कारण आपल्याला परिणाम लगेच हवा असतो. सहामाहीपर्यंत मुलगा बदलला पाहिजे! बुलढाण्यात बापूजी हरी शिंदे नावाचे गृहस्थ होते. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. एकोणिसाव्या शतकात, जेव्हा मुलीला अक्षर शिकवणं हेच पाप समजलं जाई, तेव्हा त्यांनी आपल्या लेकीला, ताराबाईला, घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेचा खटला गाजला. मूल मारल्याबद्दल तिला शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाई भडकल्या आणि १८८२ साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झालं. लोक तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी जाहीरपणे बाजू घेतली, पण ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. नंतर ते विसरलंच गेलं. डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी. आज विद्यापीठांत ते अभ्यासाला आहे, इंग्रजीत गेलं आहे.

बापूजींनी कोणाला प्रेरणा दिली? त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, कोणालाच नाही, पोरीला शिकवलं फक्त. कचेरीतून दमून आल्यावर ते रोज पोरीसमोर पुस्तक उघडून बसत असतील, असं चित्र माझ्या डोळ्यासमोर येतं. त्यांच्या हयातीत त्याचं फळ काय दिसलं असेल? गावात बोलणी खाल्ली असतील. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ताराबाईंचं नाव फार कमी मुलांना माहीत आहे, आणि बापूजींचं तर शिक्षकांनाही नाही. शाळेच्या भिंतीवर थोरांच्या फोटोंची रांग असते तिथं एक जागा या बापलेकीला द्यायला काय हरकत आहे?

आता जूनमध्ये शाळा सुरू होतील, नव्या वह्या घातल्या जातील. स्वच्छतेच्या पाळीची वही घालताना दोन गोष्टी करून बघा. पहिल्या पानावर पहिलं नाव मुख्याध्यापकांचं, दुसरं वर्गशिक्षकांचं, मग हजेरीपटाच्या क्रमानं मुलं आणि मुली, मध्ये कोणालाही न वगळता. आणि ज्या दिवशी कोणी गृहपाठ करून आणणार नाही, त्या दिवशी त्याला शिक्षा द्यायचीच तर दुसरी कोणतीही द्या. उलट त्या दिवशी त्याची पाळी असेल तर ती काढून घ्या आणि म्हणा, "आज नाही, उद्या कर." पोरगं कसं तोंड करतं ते बघा आणि मला कळवा.

शनिवारी सकाळची शाळा असते, पालकांनी तेव्हा एखादी चक्कर मारावी. पाळीच्या वहीत मधली दोन-चार पानं आम्ही पालकांसाठी कोरी ठेवणार आहोत.