टाकाऊ म्हणू नका

आमच्या महाविद्यालयाच्या गेल्या स्नेहसंमेलनात हस्तकला-प्रदर्शन भरले होते. त्यात मी घरची वाकळ ठेवली होती. (पुष्कळ ठिकाणी तिला गोधडी म्हणतात.) संयोजकांनी ती भिंतीवर टांगली आणि खाली दोन पाट्या लावल्या. एक 'टाकाऊतून टिकाऊ', दुसरी 'कृपया हात लावू नये'. प्रदर्शन पाहायला माझी आई खटाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून आली. महाविद्यालयात ती पहिल्यांदाच येत होती. तिने वर पाहिले आणि विचारले, "वाळत घातलीया व्हय?" मैत्रिणी हसल्या. मीही हसले. पण त्या दोन पाट्या अजून माझ्या मनातून जात नाहीत.

पहिली पाटी तर साफ खोटी आहे. त्या वाकळेत वर आजीचे हिरवे लुगडे आहे, आत आजोबांचे धोतर, आईची दोन लुगडी आणि माझा शाळेचा निळा फ्रॉक. यातले एकही कापड आम्ही कधी टाकलेले नव्हते. आमच्याकडे कापड फाटले की ते गाठोड्यात जाते आणि तिथे आपल्या पाळीची वाट पाहते. शिवाय जुने कापड केवळ गरिबीपायी वापरतात हाही गैरसमजच. शंभरदा धुतलेले सुती लुगडे जेवढे मऊ असते तेवढे नवे कापड कधीच नसते. तान्ह्या लेकराचे दुपटे म्हणूनच आजीच्या लुगड्याचे करतात. हल्ली गाठोड्यात नायलॉनच्या साड्याच जास्त येतात. त्या घाम टिपत नाहीत आणि शिवताना त्यांचे थर एकमेकांवरून सरकतात. आई म्हणते, "ही साडी न्हाय, मासा हाय." तरी त्याही घालाव्या लागतात, कारण सुती लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्या आता गावात थोड्याच उरल्या आहेत.

दुसऱ्या पाटीचे मला हसू येते. वाकळ म्हणजे सगळा हाताचाच कारभार! वैशाखात रानातली कामे सरली की ओसरीवर एक लुगडे ताणून अंथरतात, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि त्यावर जुन्या कापडांचे थर लावतात. कुठे जाड, कुठे पातळ राहिले का, हे बायका तळहात फिरवून पाहतात. नुसत्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही. मग वरचे कापड घालून शेजारच्या पाच-सहा जणी चारी बाजूंनी बसतात. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि फेऱ्यांनी आत आत येतो. मधला हातभर तुकडा सर्वांत शेवटी शिवला जातो.

नेमक्या त्या मधल्या तुकड्यावर आमची मनी मांजर बसते. तिला कुणी हुसकत नाही. टाके तिच्या शेपटीपाशी येऊन ठेपले की आजी तिला उचलते आणि शिवून झालेल्या बाजूला ठेवते. यात नुसती माया नाही. चिंध्यांच्या गाठोड्यात उंदीर घर करतात, आणि मनी नसती तर वाकळेला कापडच उरले नसते. खंड्या कुत्रा उंबऱ्याशी पडून असतो आणि कोंबड्यांना आत येऊ देत नाही. करडाला मात्र त्याने कधी अडवले नाही. प्रदर्शनातल्या वाकळेचा एक कोपरा करडाने खाल्ला होता, म्हणून आईने तिथे तांबडे ठिगळ लावले होते. परीक्षकांनी त्या ठिगळाच्या रंगसंगतीची खास तारीफ केली!

या कामाला मजुरी नसते. आमच्याकडे याला सावड म्हणतात. आज आमच्या घरी, उद्या तुमच्या घरी. ज्यांची वाकळ, त्यांचा चहा. बोलणे मात्र अखंड चालते. गेल्या वर्षी एका सुनेने शिवता शिवता दंडावरचा वळ दाखवला. कुणी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी तिघी जणी तिच्या सासूकडे जाऊन आल्या. याला फावल्या वेळचा छंद म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे येऊन बसावे.

प्रदर्शनात एका पाहुण्या बाईंनी त्या वाकळेचे दोन हजार रुपये देऊ केले. आई म्हणाली, "माझ्या एकटीची न्हाय ती." मला तिचा भयंकर राग आला. दोन हजारांत माझ्या एस. टी. च्या पासाचे कितीतरी महिने निघाले असते.

नंतर मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील गीज बेंड या खेड्याविषयी वाचले. तिथल्या काळ्या बायका शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्या परिसरातल्या बायकांनी १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढून गोधड्या विकायला सुरुवात केली. (तिकडे चार जणींनी मिळून काम करायला बसण्याला 'बी' म्हणतात, म्हणजे आपली सावडच की!) २००२ साली गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. तेव्हा गोधडी विकण्यात कमीपणा नाही, हे मला पटले आहे. बायकांच्या कष्टाला मोल नाही असे म्हणत राहणे हे फुकट राबवून घेणाऱ्यांच्याच सोयीचे असते.

पण आईचे म्हणणेही मला आता कळते. सहा जणींनी सावडीत शिवलेली वाकळ एकीने विकली, तर उरलेल्या पाच जणी उद्या कुणाच्या ओसरीवर बसतील? म्हणून माझे मत असे की विकायच्या वाकळा वेगळ्या शिवाव्यात, त्यांची मजुरी वहीत मांडावी, आणि घरच्या वाकळांना पैशाचा स्पर्श होऊ देऊ नये. हे दोन्ही एका ओसरीवर जमेल का, याची मला शंका आहे. पण करून पाहिल्याशिवाय कळणार कसे?

दिवाळीच्या सुट्टीत मी हे बायकांपुढे मांडले. दोघी तयार झाल्या, दोघींनी मान हलवली, आजी मनीला कुरवाळत गप्प बसली. शेजारच्या काकूंनी मात्र सुई केसात खोचून विचारले, "मजुरीच्या दिशी च्या कुनाचा?" याचे उत्तर माझ्या वहीत अजून कोरेच आहे.