ठेचा खाल्ल्यावर तोंड का पेटतं? आणि वेदनेचा रिसेप्टर शोधणारी अँटिबॉडी कधी फसवते?

बुलढाण्यात भाकरीसोबत झणझणीत ठेचा खाल्ला की तोंड पेटतं. पण जीभ खरंच भाजते का? नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या 'टीआरपीव्ही१' या रिसेप्टरला जागं करतं आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये हा रिसेप्टर ओळखला. २०२१ मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले.

माणसाच्या ऊतींमध्ये हा रिसेप्टर नेमका कुठे आहे, हे पाहण्यासाठी संशोधक अँटिबॉडी वापरतात. ती त्याला चिकटते आणि ती जागा रंगाने उठून दिसते.

अडचण काय? काही अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटतात. म्हणून टीआरपीव्ही१चं जनुक काढून टाकलेल्या पेशींवर आधी चाचणी हवी. तिथेही रंग दिसला, तर अँटिबॉडी भरवशाची नाही. ही चूक लक्षात आली नाही, तर वेदनाशामक औषधाचा शोधच चुकीच्या जागी सुरू होतो.