'श्रेष्ठ अल्बम कोणता?' : एका उपेक्षित प्रश्नाची बाजू

'डीप पर्पल' ह्या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचा सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता, हा वाद त्याच्या चाहत्यांमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह नाही. एक पक्ष 'इन रॉक'चा (१९७०), दुसरा 'मशीन हेड'चा (१९७२). 'फायरबॉल'चे (१९७१) कैवारी संख्येने थोडे, पण चिवट. काहींच्या मते स्टुडिओत घडलेले सारेच अल्बम 'मेड इन जपान' (१९७२) ह्या मैफलींच्या मुद्रणापुढे फिके आहेत. आणि 'बर्न'चे (१९७४) नाव निघाले की वादाला निराळीच धार चढते. साहित्यसमीक्षेच्या विद्यापीठीय वर्तुळात ह्या प्रकाराकडे पाहण्याची तऱ्हा ठरलेली आहे. जनसंस्कृतीचा अभ्यासविषय म्हणून त्याची नोंद घ्यायची, पण समीक्षा म्हणून त्याची गणना करायची नाही. चाहते काय म्हणतात ह्याचे पुरावे गोळा करायचे, पण ते जे म्हणतात ते खरे की खोटे, हा प्रश्न मनात येऊ द्यायचा नाही. ही तऱ्हा वरवर उदार दिसते. वस्तुतः ती चाहत्यांचा अपमान आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समीक्षेने स्वतःच्या कर्तव्यापासून काढलेल्या पळवाटेवरचे ते पांघरूण आहे.

ह्या पळवाटेला दोन प्रतिष्ठित आधार आहेत. पहिला नॉर्थ्रॉप फ्राय ह्यांचा. 'अ‍ॅनॅटमी ऑफ क्रिटिसिझम'च्या (१९५७) प्रास्ताविकात त्यांनी कवींचे भाव चढवण्या-उतरवण्याच्या उद्योगाला शेअरबाजाची उपमा दिली आणि मूल्यनिर्णय हा अभिरुचीच्या इतिहासाचा भाग आहे, व्यवस्थित ज्ञानाचा नव्हे, असे बजावले. दुसरा आधार पिएर बूर्द्यू ह्यांचा. 'ला दिस्तँक्सिओं'मध्ये (१९७९) त्यांनी आवडनिवड ही वर्गीय स्थानाची खूण ठरवली. फ्राय ह्यांच्या मते निवाडा शास्त्राबाहेरचा. बूर्द्यू ह्यांच्या मते तो शास्त्राच्या आत, पण केवळ लक्षण म्हणून. दोन्ही वाटांनी निष्पत्ती एकच होते: 'हे त्याहून श्रेष्ठ आहे' ह्या विधानाला उत्तर देण्याची गरज उरत नाही. डॉक्टरने रुग्णाचे बोलणे ऐकावे तसे समीक्षकाने चाहत्याचे बोलणे ऐकायचे; त्याच्याशी वाद घालायचा नाही.

ह्या भूमिकेची कसोटी प्रत्यक्ष वादातच घ्यावी लागेल. 'इन रॉक' लंडनच्या तीन स्टुडिओंत, दौऱ्यांमधील फटींत सवड काढून, ऑक्टोबर १९६९ ते एप्रिल १९७० ह्या काळात मुद्रित झाला. 'मशीन हेड' डिसेंबर १९७१मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे अवघ्या काही आठवड्यांत झाला. ज्या कसिनोत मुद्रण व्हायचे होते तो ४ डिसेंबरला फ्रँक झॅपा ह्यांच्या मैफलीत कुणीतरी सोडलेल्या ज्वालेमुळे जळून गेला, आणि हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या मार्गिकांत वाद्ये मांडून, बाहेर उभ्या केलेल्या फिरत्या स्टुडिओच्या साह्याने काम उरकावे लागले. 'स्मोक ऑन द वॉटर' हे गीत त्याच प्रसंगावर आहे. दोन्ही अल्बमांत गीते सातच. तरीही 'इन रॉक'चा पक्षधर म्हणतो की, तेथे बँड आपली मर्यादा शोधतो आहे. 'चाइल्ड इन टाइम' दहा मिनिटांहून अधिक काळ चालते, ऑर्गनच्या मंद सुरांतून शब्दहीन किंकाळीपर्यंत चढते, पुन्हा शांततेपाशी येते, आणि ती दुसरी शांतता पहिल्यासारखी राहिलेली नसते. 'मशीन हेड'चा पक्षधर उत्तर देतो की, मर्यादा ओलांडण्यापेक्षा ती आत्मसात करणे ही मोठी सिद्धी आहे. 'हायवे स्टार'मधील गिटारवादन बाखच्या धर्तीच्या स्वरमालिकांवर आधीपासून रचलेले आहे आणि तरीही ते वेगाच्या ओघात सहज आल्यासारखे वाटते. 'लेझी'त जॉन लॉर्डचा खरखरीत ऑर्गन आणि रिची ब्लॅकमोरची गिटार ह्यांचा संवाद ब्लूजच्या जुन्या चौकटीला ताजे करतो.

ही विधाने केवळ 'मला आवडते' अशी नाहीत. ती वस्तूकडे बोट दाखवतात, ऐकणाऱ्याला पुन्हा ऐकायला लावतात, आणि ती खोडून काढता येतात. कान्टने १७९०मध्ये 'सुखद' आणि 'सुंदर' ह्यांत जो भेद केला तो इथे नेमका लागू पडतो: सुखद म्हणणारा स्वतःपुरते बोलतो, सुंदर म्हणणारा इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा भेद मराठी वाचकाला चांगला परिचित आहे. चाहता हा दुसऱ्या प्रकारचे विधान करतो, म्हणूनच तो चिडतो. केवळ आवडीबद्दल कुणी चिडत नाही. मर्ढेकरांनी लयतत्त्वाची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी त्रयी मांडली ती ठाऊक नसतानाही, 'चाइल्ड इन टाइम'च्या दोन शांततांमधील अंतर सांगणारा श्रोता तिच्याच प्रदेशात वावरत असतो.

येथे बूर्द्यूंचा अनुयायी आक्षेप घेईल की, अशी कारणमीमांसा ही वर्गीय निवडीवर मागाहून चढवलेली झूल आहे. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. अमुक वर्गातील, अमुक वयाचे श्रोते हार्ड रॉककडे का वळले आणि दुसरे का वळले नाहीत, हे समाजशास्त्र सांगू शकते व त्याने ते सांगावे. पण एकाच शहरातील, एकाच वयाचे, एकाच शिक्षणाचे दोन श्रोते, ज्यांनी हेच अल्बम त्याच वर्षांत विकत घेतले, ते 'इन रॉक' आणि 'मशीन हेड' ह्यांवरून रात्र जागवतात, ह्याचे स्पष्टीकरण त्या सिद्धान्तापाशी नाही. त्या दोघांचे वर्गीय स्थान एक आहे. मतभेद वस्तूविषयी आहे. पाहणीच्या प्रश्नावलीत निवडलेली नावे नोंदवता येतात. निवडीमागचा युक्तिवाद, आणि प्रतिपक्षाच्या युक्तिवादाने बदललेले मत, तिच्यात मावत नाही. जे साधनाच्या पकडीत येत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणे ही शास्त्रीयता नव्हे.

थिओडोर अडोर्नो ह्यांची बाजू अधिक कठोर, आणि म्हणून अधिक प्रामाणिक आहे. लोकप्रिय संगीतावरील १९४१च्या निबंधात त्यांनी प्रमाणीकरणाचा सिद्धान्त मांडला: अशा संगीतात अंश आणि समग्र ह्यांचे नाते सेंद्रिय नसते, एका अंशाच्या जागी दुसरा बसवला तरी बिघडत नाही. ते निदान निवाडा तरी करतात. पण निवाडा केला की तो तपासण्याची वाटही मोकळी होते. चाहत्यांचा वाद नेमका ह्याच मुद्द्यावर चालतो. 'फायरबॉल'च्या ब्रिटिश आवृत्तीत 'डीमन्स आय' हे गीत आहे. अमेरिकी आवृत्तीत त्याच्या जागी 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आहे. अडोर्नोंचे म्हणणे खरे असते तर ही अदलाबदल कुणाच्या लक्षातही येऊ नये. प्रत्यक्षात त्या एका गीताने अल्बमचा तोल कसा बदलतो, ह्यावर चाहते हट्टाने भांडतात. 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे गीत 'मशीन हेड'च्याच सत्रांत मुद्रित झाले, पण अल्बममध्ये घेतले गेले नाही. ते 'नेव्हर बिफोर'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेले आणि पुढे १९९७च्या आवृत्तीत पुरवणीसारखे जोडले गेले. ते संथ, विषण्ण गीत आत असते तर 'मशीन हेड'ची घट्ट वीण सैल झाली असती, की त्याला हवी ती खोली लाभली असती? हा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे. मूळ संहिता कोणती, प्रक्षिप्त काय, आवृत्तीचा अधिकार कुणाचा, हे प्रश्न ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर काम करणाऱ्याला परके वाटू नयेत.

'मेड इन जपान'चे पक्षधर तर ह्याहून मूलभूत प्रश्न उभा करतात. ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियो येथील तीन मैफलींतून घेतलेल्या ह्या मुद्रणातील सातपैकी चार गीते 'मशीन हेड'मधली आहेत. पण तेथे साडेचार मिनिटांचे 'स्पेस ट्रकिन' येथे सुमारे वीस मिनिटांचे होते. मग कृती कोणती? स्टुडिओत बांधलेली, की प्रयोगात उलगडलेली? नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग ह्यांच्या संबंधावर शोधनिबंध लिहिणाऱ्यांना हा प्रश्न आदरणीय वाटतो. चाहत्याने तोच विचारला की तो छंद ठरतो.

ह्याचा अर्थ चाहत्यांचा वाद निर्दोष आहे असा नाही. त्याला समीक्षा म्हणायचे तर त्याचे दोषही समीक्षेचे दोष म्हणूनच दाखवले पाहिजेत. त्यातील सर्वांत मोठा दोष 'मार्क' ह्या संज्ञेत दडलेला आहे. बँडमधील माणसे बदलत गेली, त्यानुसार चाहत्यांनी त्याचे कालखंड पाडले: १९६८-६९ चा 'मार्क वन', गिलन, ग्लोव्हर, ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस ह्यांचा १९६९ ते १९७३ हा 'मार्क टू', कव्हरडेल आणि ह्यूझ आल्यावरचा 'मार्क थ्री', ब्लॅकमोरच्या जागी टॉमी बोलिन आल्यावरचा 'मार्क फोर'. कालविभाजनाचे साधन म्हणून ही संज्ञा उत्तम आहे. लेखकाच्या मृत्यूची वार्ता बार्तने १९६७मध्ये दिली आणि लेखक हे एक कार्य आहे असे फूकोने १९६९मध्ये सांगितले. त्याच सुमारास घडलेल्या ह्या बँडच्या चाहत्यांनी कर्तृत्व व्यक्तीकडून काढून एका संयोगाकडे दिले, हे सिद्धान्ताच्या फारसे मागे नव्हते. 'मशीन हेड'मधील प्रत्येक गीताचे श्रेय पाचही जणांच्या नावे आहे, हे ह्याला पोषकच आहे.

परंतु हीच संज्ञा कारणाची जागा घेऊ लागते तेव्हा वाद सडतो. 'बर्न' श्रेष्ठ असूच शकत नाही, कारण तो 'मार्क टू'चा नाही, हा युक्तिवाद नव्हे. तो कुळाचा दाखला आहे. 'बर्न'च्या शीर्षकगीतातील दोन आवाजांची योजना, इयन पेसचे अखंड उसळते तालवादन, ह्यांविषयी काहीही न बोलता त्याला पंगतीबाहेर बसवणे म्हणजे कर्त्याच्या नावावरून कृतीची किंमत करणे होय. 'कम टेस्ट द बँड' (१९७५) ह्या अल्बमला हा अन्याय अधिकच भोगावा लागला. उलट १९८४मध्ये तेच पाच जण पुन्हा एकत्र आल्यावरचा 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' केवळ पुनर्मीलनाच्या आनंदात जितका उंच चढवला गेला, तितक्या उंचीची कारणे मात्र क्वचितच दिली गेली. 'इन रॉक'च्या मुखपृष्ठावर रशमोर पर्वतातील चार अमेरिकी अध्यक्षांच्या जागी बँडमधील पाच जणांचे चेहरे आहेत. ती थट्टा होती. काही भक्तांनी ती धर्मशास्त्र म्हणून वाचली.

मौलिकतेच्या बाबतीतही असेच होते. 'चाइल्ड इन टाइम'ची मूळ स्वरकल्पना 'इट्स अ ब्यूटिफुल डे' ह्या कॅलिफोर्नियातील बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' (१९६९) ह्या रचनेतून आली, हे सर्वज्ञात आहे. प्रतिपक्षाला ह्यात उसनवारी दिसते, भक्ताला ती लपवावीशी वाटते. दोघेही चुकतात. शब्दांविना चालणाऱ्या एका गतिमान रचनेतून दहा मिनिटांचे शोकनाट्य कसे उभे राहिले, हे दाखवणे हे समीक्षेचे काम. आणि ते दाखवणारे श्रोतेही ह्याच वादात आहेत. वादाची गुणवत्ता अशा श्रोत्यांवरून ठरवावी, गोंगाट करणाऱ्यांवरून नव्हे. साहित्यसमीक्षेचे मोल तरी कुणी तिच्यातील सुमार परीक्षणांवरून ठरवत नाही.

ह्यूमने १७५७च्या निबंधात 'डॉन किहोते'मधील एक कथा वापरली आहे. पिंपातील मद्य चाखून एकाने त्याला चामड्याची, दुसऱ्याने लोखंडाची चव असल्याचे सांगितले, लोक हसले, पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. विद्यापीठीय समीक्षक आज ह्या कथेत हसणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे, आणि पिंप रिकामे करून पाहण्याची त्याची तयारी नाही.

ह्या तटस्थतेची किंमत रॉक संगीताला मोजावी लागत नाही. ती साहित्याला मोजावी लागते. मूल्यनिर्णय हा ज्ञानाचा भाग नाही असे शिकवणारा विभाग दरवर्षी अभ्यासक्रम ठरवतोच. शेकडो कादंबऱ्यांतून चार निवडतो, उरलेल्या वगळतो. निवाडा टळत नाही; टळते ते फक्त त्याचे समर्थन. अमुकच कादंबरी का, असे विद्यार्थ्याने विचारले तर त्याला प्रातिनिधिकता, कालखंड, प्रवाह अशी उत्तरे मिळतात. ती चांगली आहे आणि ती चांगली का आहे, एवढे मात्र कुणी बोलत नाही. मर्ढेकरांना 'वाङ्मयीन महात्मता' ह्या शीर्षकाचे पुस्तक लिहिताना संकोच वाटला नव्हता. त्यांचे उत्तर नाकारता येते. प्रश्न टाळणे हे मात्र नाकारणे नव्हे.

'फायरबॉल'चा एकाकी कैवारी आपला निवाडा उघड करतो, कारणे देतो, हरण्याची जोखीम पत्करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकून आपले म्हणणे दुरुस्त करतो. निवाडा मनात ठेवून सिद्धान्त तोंडाने बोलणाऱ्या समीक्षकापेक्षा तो समीक्षेच्या अधिक जवळ आहे. त्याचा अभ्यास करण्याची समीक्षेला तितकीशी गरज नाही. त्याच्याशी भांडण्याची आहे.