अंगाला वाटते ते आणि काटा सांगतो ते

पावसाळा सुरू झाला की फ्लाइट सिम्युलेटरच्या हौशी मंडळींना हुरूप येतो. मस्तगडच्या घरात संगणकासमोर बसायचे, हवामान ‘वादळी’ निवडायचे आणि मुसळधार पावसात विमान चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उतरवायचे. हा नुसता पोरखेळ नाही. कोणता काटा केव्हा पाहायचा, याची सवय त्यातून खरोखरच लागते. पण खऱ्या वादळातला एक मोठा शत्रू खुर्चीत बसून भेटत नाही. तो म्हणजे वैमानिकाचा स्वतःचा कान.

प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. वळण एकाच गतीने चालू राहिले, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटते. मग विमान खरोखर सरळ केले की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात ती सोय नसते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने काट्यांवर उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० वैमानिकांना क्षितिज न दिसेल अशा स्थितीत उडवून पाहिले. सगळ्यांचाच ताबा सुटला, तोही सरासरी १७८ सेकंदांत.

नौदलाच्या वैमानिकांना तर ढगांचीही गरज नसते. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उडालेली सी हॉक आणि अलिझे ही विमाने आज गोव्यात बोगमाळोच्या संग्रहालयात पाहता येतात. अमावास्येच्या रात्री काळे पाणी आणि काळे आकाश यांच्यामधली रेघच दिसत नाही. तिथे अंगाला काय वाटते ते बाजूला ठेवून काट्यावर भरवसा ठेवावा लागतो.

पण एकाच काट्यावर नव्हे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ मुंबईहून दुबईला निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. विमानाचा कल दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते; इतर यंत्रे बरोबर होती. बाहेर पाहावे तर अंधारा समुद्र.

हा धडा विमानापुरता नाही. ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?’ हे वाक्य सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रोज ऐकू येते. उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. वर्षानुवर्षे ‘सरळ चाललो आहोत’ असे वाटत असते आणि एके दिवशी अर्धांगवायू गाठतो किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळते. बरे वाटते म्हणून गोळी बंद करणारा रुग्ण आणि ढगात अंगावर भरवसा ठेवणारा वैमानिक एकच चूक करतात.

म्हणून तिशीनंतर प्रत्येकाने रक्तदाब मोजून घ्यावा. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकवावी, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर एकाच नोंदीवरून घाबरू नये आणि ती झटकूनही टाकू नये. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांना दाखवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. रात्री संगणकावर वादळातून विमान सुखरूप उतरवणाऱ्याने सकाळी घरातल्या थोरल्यांना तिथे नेले, तर त्याचा खरा सराव झाला म्हणायचा.