पाटी परमुलखाची, घर आपलें

शनिवारीं भद्रा मारुतीच्या दर्शनास खुलताबादेंत जीं वाहनें येतात, त्यांच्या पाट्या वाचीत गेल्यास तेलंगण, कर्नाटक, गुजराथ असा बराच भूगोल आपोआप पाठ होतो. या यात्रेकरूंविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. ते संध्याकाळीं परत जातात. प्रश्न आहे तो हैदराबादेस अगर बंगळुरास नोकरीस असलेल्या चिरंजीवांनीं तेथें घेतलेल्या, आणि पुढें वडिलांच्या सोयीसाठीं येथील वाड्यांत आणून ठेवलेल्या गाडीचा. गाडी आपली, घर आपलें, देशही आपला; मग अडचण कसली, असें घरोघर विचारलें जातें. त्याचा थोडा विचार करूं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणें एका राज्यांत नोंदलेली गाडी साऱ्या देशांत चालविण्यास मोकळीक आहे. परंतु ४७ वें कलम सांगतें कीं, ती दुसऱ्या राज्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ ठेविल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा. क्रमांकाचा कायदा असा एक असला, तरी वाहनावरील कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेनें राज्यांस दिला आहे. यास्तव पाटी बदलणें म्हणजे केवळ अक्षरें पुसणें नव्हे. त्यामागोमाग कराचा आंकडाही येतो.

हा कर मुळांतच अन्याय्य आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या राज्याचा रस्ता झिजतो त्यानें कांहीं घ्यावें, हें न्यायास धरूनच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सरहद्दीवरील अंतपालानें मालाच्या गाडीमागें सव्वा पण ‘वर्तनी’, म्हणजे मार्गकर, घ्यावा असें सांगितलें आहे. पण त्याच ठिकाणीं, वाटेंत माल हरवला वा चोरीस गेला तर त्यानें तो भरूनही द्यावा, असें बजाविलें आहे. घेणाऱ्यावरही बंधन असावें, हें तत्त्व येथें मुख्य होय.

शिवाय सवलतीचा गैरफायदा घेणारेही थोडे नाहींत. कर कमी म्हणून पुदुच्चेरीस नोंदविलेल्या आणि केरळांत फिरविलेल्या महागड्या गाड्यांचें प्रकरण २०१७ सालीं गाजलें. अशांस नियम जाचला तर आम्ही हळहळणार नाहीं. परंतु त्यांच्यासाठीं उगारलेला दंड सरळ माणसाच्या पाठीवर पडतो, हें दुःख आहे.

सरळ माणसाची वाट अशी: प्रथम मूळ परिवहन कार्यालयाचें ना-हरकत पत्र, गाडीवर कर्ज असल्यास बँकेचीही संमति, नंतर येथील कर, आणि शेवटीं, नव्या नोंदणीचा दाखला जोडून, पूर्वीच्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. मध्यंतरीं एकाच गाडीचा कर दोन राज्यांच्या खजिन्यांत पडून राहतो. तरुणांस हे हेलपाटे जड जातात, तर सत्तरीच्या वडिलांची काय कथा!

मुदतीचाही खेळ होतो. कर्नाटकानें २०१४ सालीं परराज्यांतील गाड्यांस करासाठीं अवघी ३० दिवसांची मुदत ठेविली होती. ती दुरुस्ती पुढें तेथील उच्च न्यायालयानें रद्द ठरविली. युरोपांत १९८३ सालच्या निर्देशानें दुसऱ्या सभासद राष्ट्रांतील खासगी गाडी बारा महिन्यांपैकीं सहा महिने कराविना वापरण्याची मुभा दिली, आणि तेथें माणसाचें राहतें घर कोठें, हीच कसोटी धरली. ही कसोटी आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘बीएच्’, म्हणजे भारत-मालिकेची पाटी निघाली आहे. तींत दोन दोन वर्षांचा कर भरतां येतो व बदली झाल्यास पाटी बदलावी लागत नाहीं. सोय उत्तम; पण ती लष्करी व सरकारी नोकरांस, सार्वजनिक उद्योगांतील, तसेंच चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असणाऱ्या खासगी कंपन्यांतील नोकरांसच. लहान दुकानदार, शेतकरी, वैद्य यांनीं काय करावें? त्यांचीं मुलेंबाळें परमुलखीं जात नाहींत काय?

घटनेच्या समाईक सूचींत वाहनकराचीं तत्त्वें ठरविण्याचा विषय आहे; अर्थात् संसदेस येथें हात घालतां येतो. बहुतेक गाड्यांची नोंद ‘वाहन’ या यंत्रणेंत एकत्र होत असतां, उरलेला कर एका राज्यानें दुसऱ्यास परस्पर द्यावा व नागरिकानें फक्त फरक भरावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

तोंवर घरच्या कर्त्यांस इतकेंच सांगणें: गाडी गांवीं आणल्याची तारीख टिपून ठेवावी, फास्टॅगच्या टोलनोंदी जपून ठेवाव्या, विमा चालू ठेवावा. रस्त्यांत शिपायानें विचारल्यास वाद न घालतां हेच कागद पुढें करावे. आणि गाडी कायमची येथेंच राहणार असेल, तर ना-हरकत पत्र चिरंजीवांनीं तिकडून निघण्यापूर्वींच घ्यावें. नियम सदोष असला तरी तो पाळावा. पाळणाऱ्याच्याच तक्रारीस वजन येतें.