मीटर मालकाचा, बिल भाडेकरूचे: वीज सवलत नेमकी कुणाला मिळते?

दिल्लीत महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकाचे बिल शून्य येते. 201 ते 400 युनिटपर्यंत निम्मी सवलत मिळते, तीही जास्तीत जास्त 800 रुपये. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेत 200 युनिटच्या मर्यादेत वीज मोफत आहे. दोन्ही राज्यांत भाडेकरूही पात्र आहेत. तरीही भाड्याच्या खोलीत राहणारी अनेक कुटुंबे युनिटमागे ठरावीक रक्कम घरमालकाच्या हातात देतात आणि सवलतीचा एक रुपयाही पाहत नाहीत. सवलत मिळते मीटरला. मीटर कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर किती घरे चालतात, यावर सगळे ठरते.

दिल्लीचा हिशेब करून पाहू. समजा, एका मीटरवर तीन भाडेकरू कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाचा वापर 150 युनिट आहे. तिघांचे वेगळे मीटर असते तर तिघांचेही बिल शून्य आले असते. पण एकाच मीटरवर 450 युनिट होतात आणि 400 ओलांडले की सवलत पूर्ण जाते. पहिली 200 युनिटे 3 रुपयांनी, पुढची 200 साडेचार रुपयांनी, उरलेली 50 साडेसहा रुपयांनी, म्हणजे विजेचेच 1,825 रुपये झाले. स्थिर आकार व अधिभार वेगळे. मालकाने 8 रुपये दर लावला तर तिघांकडून मिळून 3,600 रुपये गोळा होतात. प्रत्येक मालक लबाडी करतो असे नाही. वरच्या टप्प्याचा दर त्यालाही पडतो. पण सवलत ज्यांच्यासाठी होती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही हे खरे.

पैशाइतकाच वापराचा प्रश्न आहे. हिवाळ्यात हिटर लावायचा नाही, गिझर सकाळी अर्धा तासच, उन्हाळ्यात कूलरचे वेगळे पैसे, या अटी मीटर मालकाच्या हाती असल्यामुळेच घालता येतात. स्वतःचा मीटर असेल तर मंजूर भाराच्या मर्यादेत काय लावायचे ते तुम्ही ठरवता.

मग मीटर मिळतो का? वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार जोडणीसाठी अर्ज करू शकतो. ‘भोगवटादार’ हा शब्द मराठी अर्जांतही दिसतो आणि तिथेच लोक थबकतात, कारण सातबारा पाहिलेल्या माणसाला भोगवटादार म्हणजे जमीनमालकच वाटतो. इथे त्याचा अर्थ साधा आहे: त्या जागेत प्रत्यक्ष राहणारा. भाडेकरू त्यात येतो. मालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच वीज कंपनीने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात म्हटले आहे. काउंटरवर ना-हरकत पत्र मागितले तर या निकालाचा उल्लेख करून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

दिल्लीत 2019 पासून भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची वेगळी योजना आहे. भाडेकरार किंवा भाडेपावती पुरते, मालकाची संमती लागत नाही. अडचण अशी की अनेक मालक करारही करत नाहीत आणि पावतीही देत नाहीत. म्हणून भाडे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे निदान तिथे राहत असल्याची नोंद राहते. बेळगाव, हुबळीकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावे, गृहज्योतीत आधार मीटरच्या खात्याला जोडलेले असते. घर बदलताना जुने खाते सोडवून नवे जोडा. मागचा भाडेकरू आधार न सोडवता गेला असेल तर तुमचा अर्ज अडू शकतो. त्या जागेवर जुनी थकबाकी आहे का, हेही आधी विचारा.

सर्व कागद दिल्यावर 2024 च्या सुधारित नियमांनुसार महानगरांत 3, इतर नगरपालिका क्षेत्रांत 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत जोडणी द्यायची असते. उशीर झाला तर 1912 वर तक्रार नोंदवा. तिथे न सुटल्यास वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि नंतर विद्युत लोकपाल.

मालकानेच वीज तोडली तर मात्र या मंचाचा उपयोग नाही. तो वाद न्यायालयाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 नुसार मालकाला योग्य कारणाशिवाय वीज किंवा पाणी बंद करता येत नाही. दिल्लीच्या 1958 च्या भाडे कायद्यातही अशी तरतूद आहे, पण महिना 3,500 रुपयांपेक्षा जास्त भाडे असलेल्या घरांना तो कायदाच लागू होत नाही. आज 3,500 रुपयांत दिल्लीत किती खोल्या मिळतात? 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही वीज-पाणी न तोडण्याचे कलम आहे, मात्र राज्याने तो स्वीकारल्याशिवाय त्याचा आधार घेता येत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन करताना शेवटचे बिल, भाडे दिल्याची नोंद आणि वीज तोडल्याची तारीख जवळ ठेवा.